स्वतः न वाजणारी पेटी

दिवाळीच्या खरेदीची यादी म्हणजे प्रत्येक घरातली एक छोटी लोकसभाच. घराचा रंग, आईची साडी, बाबांचा चष्मा असे मोठमोठे पक्ष पुढच्या बाकांवर जागा अडवून बसलेले असतात आणि मुलांचा आवाज मागच्या बाकावरून येत असतो. अलीकडे ज्या घरांत एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या टेबलावर दोन-तीन सिंथेसायझर येऊन बसले आहेत, तेथून एक नवीच मागणी ऐकू येते : "यंदा मला सीक्वेन्सर हवा." बाबा साहजिकच विचारतात, "त्याचा आवाज कसा असतो ग?" आणि उत्तर मिळते, "त्याला आवाज नसतो, बाबा. तो दुसऱ्यांना वाजवतो."

झाले! एखाद्या बऱ्या हार्मोनियमची किंमत मोजायची आणि घरी आणायचे काय, तर स्वतः न वाजणारी पेटी! ही मागणी ताबडतोब फेटाळली जाते, किंवा 'नवे काहीतरी दिसते' म्हणून डोळे झाकून मंजूर होते. वस्तुतः दोन्ही निर्णय घाईचेच. ही वस्तू काय आहे, ती का जन्मली आणि ती निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, हे थोडे समजून घेतले तर पैसेही वाचतील आणि संगीतही.

यंत्राची स्मरणशक्ती

सीक्वेन्सर म्हणजे स्वरांची स्मरणशक्ती. कोणता स्वर, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजवायचा, एवढेच तो लक्षात ठेवतो आणि सांगाल तेव्हा तारेवाटे सिंथेसायझरला ती आज्ञा देतो. आवाज सिंथेसायझरचा, पाठांतर सीक्वेन्सरचे.

ही कल्पना आजची नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन करून ठेवले आहे. फिरत्या नळकांड्यावर खिळे बसवायचे आणि त्या खिळ्यांनी योग्य वेळी योग्य स्वर उघडायचा, अशी ती योजना. किल्ली दिली की वाजणारी, लहानपणी अनेकांनी पाहिलेली संगीतपेटी ही त्याच कुळातली. पुढे खिळ्यांच्या जागी भोके पाडलेली कागदाची गुंडाळी आली आणि पियानो आपोआप वाजू लागले. मेक्सिकोत स्थायिक झालेला संगीतकार कॉनलॉन नॅनकॅरो हा तर अशा गुंडाळ्यांना स्वतःच्या हाताने भोके पाडीत बसे. कारण त्याच्या मनातल्या लयी कोणत्याही माणसाच्या दहा बोटांना झेपणाऱ्या नव्हत्या.

विजेच्या संगीतात सीक्वेन्सर आला तो मात्र कात्री चालवून कंटाळलेल्या लोकांमुळे. १९६० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे म्हणजे टेपवर एकेक आवाज मुद्रित करायचा, टेप कापायची आणि तुकडे चिकटवायचे. एका मिनिटाच्या संगीतासाठी दिवसचे दिवस जात. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरमधील मॉर्टन सबोटनिक आणि रामोन सेंडर ह्या संगीतकारांना ह्यातून सुटका हवी होती. त्यांच्यासाठी डॉन बुकला ह्या अभियंत्याने जे यंत्र बनवले, त्यात ठरावीक क्रमाने विजेचा दाब बदलत नेणारा एक भाग होता. दाब बदलला की स्वर बदले. कात्रीचे काम नॉबने होऊ लागले. बॉब मोगच्या ९६० ह्या सीक्वेन्सरमध्येही तीन ओळींत आठ-आठ नॉब असत. म्हणजे फार तर चोवीस स्वरांची आठवण. पण तेवढ्यावर एका पिढीचे संगीत उभे राहिले.

म्युनिकचा ढोल आणि मुंबईचा राग

सीक्वेन्सर घेण्याआधी दोन ध्वनिमुद्रिकांची हकीकत ठाऊक असावी.

पहिली १९७७ ची, म्युनिकची. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट ह्यांनी डोना समर ह्या गायिकेसाठी 'आय फील लव्ह' हे गाणे तयार केले. त्यातला खर्जाचा अखंड धावणारा प्रवाह मोग सिंथेसायझर आणि सीक्वेन्सर ह्यांचा. त्या काळी ऐकणाऱ्यांना वाटले, सारे गाणे यंत्रानेच वाजवले. मौज अशी की त्यातला मोठ्या ढोलाचा ठोका यंत्राचा नाहीच. मोगमधून तसा भरदार ठोका निघेना, म्हणून कीथ फोर्सी ह्या वादकाने तो स्वतः वाजवला. म्हणजे ज्या गाण्याने यंत्रयुगाची द्वाही फिरवली, त्याच्या तळाशीही एका माणसाचा पाय चालू होता.

दुसरी हकीकत आपल्या मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. त्यांच्यापुढे रोलंड कंपनीची तीन यंत्रे होती : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाची ओळ लक्षात ठेवणारे चिमुकले सीक्वेन्सरयुक्त वाद्य आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ताल आणि खर्ज त्यांनी यंत्रांच्या स्वाधीन केले. भैरव, यमन, मालकंस ह्यांचा विस्तार मात्र स्वतःच्या बोटांनी पट्ट्यांवर केला. तेव्हा ह्या ध्वनिमुद्रिकेकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर ह्या मंडळींनी तेच टीबी-३०३ वापरून 'ॲसिड ट्रॅक्स' प्रसिद्ध केले आणि नृत्यसंगीतात एका नव्या संप्रदायाचा बोलबाला झाला. २०१० मध्ये चरणजित सिंगांची ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा असाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी घुमून गेला होता हे पाहून जाणकार चकित झाले. २०१५ साली ते वारले; पण त्याआधी परदेशच्या रसिकांकडून कौतुक ऐकण्याचे भाग्य त्यांना लाभले.

ह्या दोन हकीकतींतच निवडीचे सारे मर्म आहे. सीक्वेन्सर निवडणे म्हणजे आपल्या वादनापैकी कोणता भाग यंत्राला पाठ करायला द्यायचा आणि कोणता आपल्या हातात ठेवायचा, हे ठरवणे होय. हे ठरले नसेल, तर दुकानातले सर्वांत महाग यंत्रही अपुरे पडते. आणि ठरले असेल, तर पुष्कळदा सर्वांत साधे यंत्र पुरते.

आधी घरातच शोधा

म्हणून पहिला सल्ला खर्च वाचवण्याचा. आजच्या पुष्कळ सिंथेसायझरांच्या पोटात लहानसा सीक्वेन्सर असतोच. तो महिनाभर मन लावून वापरावा. काय कमी पडते ते कागदावर लिहून ठेवावे. 'सोळा स्वरांपुढे जाता येत नाही', 'दोन वाद्ये एकाच वेळी चालवता येत नाहीत', 'केलेले काम जपून ठेवता येत नाही' अशी ठोस तक्रार लिहिता आली, तर खरेदीला अर्थ आहे. कागद कोराच राहिला, तर यादीतल्या पुढच्या वस्तूकडे वळावे.

दुसरा प्रश्न संगणकाचा. घरात संगणक असेल तर तो हेच काम करू शकतो, आणि कित्येक बाबतींत अधिक चांगले करतो. मग वेगळी पेटी कशाला? ह्याला उत्तर एकच : हाताला. पेटीवरचा नॉब आज जेथे आहे तेथेच उद्या असतो. न पाहता बोट तेथे जाते. त्यावर पत्रे येत नाहीत, बातम्या येत नाहीत. ज्याला वाजवताना पडद्याकडे पाहावे लागणे खुपते, त्याने पेटी घ्यावी. ज्याला ते खुपत नाही, त्याला ती घेण्याचे कारण नाही.

सोयरीक जुळते का?

पेटी घ्यायचे ठरले, की पुढचा प्रश्न सोयरिकीचा. आपल्या वाद्यांना कोणती भाषा कळते?

जुन्या आणि मॉड्युलर जातीच्या सिंथेसायझरांना विजेच्या दाबाची भाषा कळते. बहुतेकांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणजे एका अर्ध्या स्वराला एक व्होल्टचा बारावा भाग. दुसऱ्या तारेवाटे स्वर केव्हा सुरू करायचा आणि केव्हा थांबवायचा ती खूण जाते. परंतु सर्वांचा हिशेब एकच नाही. १९७८ साली आलेल्या कॉर्ग कंपनीच्या एमएस-२० चा हिशेब वेगळा आहे. चुकीच्या हिशेबाची पेटी त्याला जोडली तर काही बिघडत नाही, पण सगळे बेसूर वाजते.

दुसरी भाषा मिडी. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील वाद्यप्रदर्शनात सीक्वेन्शियल कंपनीचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजवण्यात आली. आपल्याकडे दोन घराण्यांचे गवई एका बैठकीत बसवण्याइतकेच ते अवघड होते, पण साधले. त्या भाषेत एका तारेवर सोळा चॅनेल असतात आणि सेकंदाला ३१,२५० एवढ्या संकेतचिन्हांची ये-जा होते. हिशेब केला तर एका स्वराची आज्ञा जायला जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो. दहा स्वर एकदम पाठवले, तर शेवटचा शंभरांश सेकंद मागे राहतो. कानाला हे सहसा जाणवत नाही. परंतु एकाच तारेवर सहा-सात वाद्ये गुंफली आणि शिवाय नॉबची हालचालही तिच्यातूनच पाठवली, तर ताल किंचित ढिला पडू लागतो. म्हणून वाद्ये तीन-चारांहून अधिक असतील, तर मिडीची दोन स्वतंत्र तोंडे असलेली पेटी पाहावी.

प्लगकडेही लक्ष असू द्यावे. पूर्वी मिडीला पाच काट्यांचा गोल प्लग असे. आता लहान पेट्यांवर इअरफोनसारखे बारीक छिद्र असते. २०१८ साली त्याच्या जोडणीचा एक नियम ठरला. पण त्याआधी काही कंपन्यांनी तारा उलट जोडल्या होत्या. जुनी पेटी घेताना तिच्याबरोबरचा जोडप्लग मागून घ्यायला विसरू नये. नाहीतर ऐन सणात सारी वाद्ये मौन पाळून बसतात आणि दोष भलत्याच यंत्राला लागतो.

हाताचा स्वभाव

ह्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि दुकानात सर्वांत कमी विचारला जाणारा : आपल्याला सुचते कसे?

काहींना पट्ट्यांवर बोटे फिरवता फिरवता सुचते. हार्मोनियमवर वाढलेल्या मुलांचे बहुधा असेच. त्यांनी पट्ट्या असलेला सीक्वेन्सर घ्यावा. आर्टुरिया कंपनीचा २०२० साली आलेला कीस्टेप प्रो हा त्या जातीचा. त्याला ३७ लहान पट्ट्या आणि चार ट्रॅक आहेत. वाजवाल ते तो टिपून घेतो.

काहींना घरे भरत जायला आवडते. बुद्धिबळाच्या पटासारखी सोळा घरे, प्रत्येक घरात एक स्वर. २०१५ साली आलेल्या कॉर्गच्या एसक्यू-१ मध्ये आठ-आठ नॉबच्या दोन ओळी, एवढाच संसार. पडदा नाही, यादी नाही. नॉब फिरवला की स्वर बदलला. केलेली चाल साठवून ठेवण्याची मात्र त्यात सोय नाही. आवडली तर वहीत टिपून ठेवावी किंवा तेथल्या तेथे ध्वनिमुद्रित करावी. आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो त्याच्या पुढचा : दोन स्वरांच्या ओळी, एक तालाची, आणि साठवणही.

काहींच्या बोटांत तबला असतो. त्यांना पॅड हवेत. रॉजर लिन ह्या अमेरिकन संशोधकाने अकाई कंपनीसाठी १९८८ साली केलेल्या एमपीसी-६० वर चार बाय चार असे सोळा पॅड होते. वाजवा, आणि ते तसेच्या तसे किंवा मात्रेवर नीट बसवून परत ऐका. ती परंपरा एमपीसी ह्याच नावाने पुढे चालू राहिली. आणि काहींना साऱ्या रचनेचा नकाशा समोर पसरलेला लागतो. फ्रान्सचा स्क्वार्प हॅपॅक्स किंवा न्यूझीलंडचा सिंथस्ट्रॉम डेल्यूज ह्यांवर १२८ दिव्यांच्या पॅडांची जाळी असते. स्वर वरखाली आणि काळ डावीकडून उजवीकडे असा नकाशा तीवर दिसतो. ही यंत्रे समर्थ आहेत, पण त्यांचा अभ्यास करावा लागतो. परीक्षेच्या वर्षात ती घरी आणू नयेत!

एकाच्या हाताला जे सोपे, ते दुसऱ्याला जाच. म्हणून मित्राने घेतले तेच घ्यावे, हा न्याय येथे लागू पडत नाही.

सोळा मात्रांच्या पलीकडे

आपल्या संगीताची पार्श्वभूमी असणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. सोळा घरांची पेटी त्रितालाला अगदी मापात बसते. पण झपतालाला दहा हवीत, रूपकाला सात, एकतालाला बारा. तेव्हा आवर्तनाची लांबी बदलता येते का, आणि प्रत्येक ट्रॅकची वेगळी ठेवता येते का, हे विचारावे. ठेवता आली तर खूपच मौज. एका ट्रॅकवर सातांचे आवर्तन आणि दुसऱ्यावर सोळांचे लावून द्या; दोघांची सम पुन्हा एकत्र येते ती एकशे बारा मात्रांनी. तोपर्यंत कान टवकारलेले राहतात.

लयही तपासावी. बऱ्याच यंत्रांची लय मिनिटाला ३० ठोक्यांच्या आसपास येऊन थांबते. विलंबित ख्यालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांचीही असू शकते. तेवढे संथ यंत्राला जमत नाही. मग एका मात्रेला चार-पाच ठोके देऊन, म्हणजे अधिक घरे खर्चून, काम भागवावे लागते. अशा वेळी सोळा घरे तोकडी पडतात, चौसष्ट उपयोगी येतात.

लयीचा लचक हा आणखी एक गुण. दोन मात्रांमधला मधला ठोका किंचित मागे सरकवला की चाल डुलू लागते. लिनच्या यंत्रांत हे प्रमाण ५० पासून ७५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची सोय होती. ५० म्हणजे अगदी सरळ. ६६ च्या सुमारास तिस्र जातीचा डौल येतो. सोय जवळजवळ सर्वत्र असते. पण ती प्रत्येक ट्रॅकला वेगळी मिळते का, ते पाहावे.

आणि शेवटी मींड. सीक्वेन्सरचा हिशेब सप्तकाच्या बारा स्वरांचा. दरबारीचा आंदोलित गंधार त्या घरांत मावत नाही. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, म्हणून तर चरणजित सिंगांचा खर्ज इतका लवचिक वाटतो. आजच्या यंत्रांपैकी काही, सिंथेसायझरचे स्वर वाकवणारे चाक हाताने फिरवले तर ती हालचालही टिपून ठेवतात. साध्या घरांच्या पेट्या बहुधा ठेवत नाहीत. रागदारीची चाल यंत्राला पाठ करून द्यायची असेल, तर ही सोय अत्यावश्यक. ती मिळणार नसेल, तर रागविस्तार हातातच ठेवावा आणि यंत्राला तालखर्जाची चाकरी द्यावी. तीही काही हलकी नव्हे. गाण्याच्या क्लासाला जाणाऱ्या कितीतरी घरांत बंगळुरूच्या राडेल कंपनीची तालमाला रोज सकाळी ठेका धरते. तीही एक पाठांतर केलेली पेटीच. फरक इतकाच की सीक्वेन्सरचे पाठांतर आपण स्वतः करून घ्यायचे असते.

मुखडा आणि अंतरा

सीक्वेन्सर घेणाऱ्यांना जडणारा एक सार्वत्रिक रोग आहे, आणि त्याची पूर्वसूचना दिलीच पाहिजे. सोळा मात्रांची एक सुंदर चाल जमते. ती फिरत राहते. तिच्यात थोडा बदल होतो, ती आणखी सुंदर होते, पुन्हा फिरत राहते. रात्रीचे बारा वाजतात, शेजारच्या खोलीतून खोकल्याचे आवाज येतात. मुखडा घोळतच राहतो, अंतरा काही येत नाही. अशा शेकडो मुखड्यांची यंत्रे भरतात आणि गाणे एकही पुरे होत नाही.

ह्याला थोडा उतारा यंत्रात असतो. एका आवर्तनामागून दुसरे लावण्याची, त्यांची साखळी करून सबंध गाणे बांधण्याची सोय आहे का, आणि ती वापरायला सोपी आहे का, हे पाहावे. उरलेला उतारा मात्र आपणच करायचा : आठवड्याला एक रचना, कशीही असो, शेवटपर्यंत न्यायची आणि घरच्यांना ऐकवायची.

दुकानातली परीक्षा

पैसे देण्यापूर्वी एक छोटी परीक्षा घ्यावी. शक्य असेल तर आपलाच एक सिंथेसायझर सोबत न्यावा. माहितीपुस्तक न उघडता सात मात्रांची एक ओळ भरून पाहावी. ती वाजत असतानाच एक स्वर बदलावा, लय वाढवावी; वादन तुटता कामा नये. मग ती साठवावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि ती शोधून काढावी. एवढे पंधरा मिनिटांत जमले, तर ते यंत्र आपले. न जमले, तर ते कितीही समर्थ असो, घरी येऊन कपाटावर बसण्याचा संभव अधिक.

जुने यंत्र घेताना प्रत्येक नॉब सावकाश फिरवून पाहावा. आकडा उड्या मारीत असेल तर आत झीज झाली आहे असे समजावे. प्रत्येक बटण दाबावे आणि एकदा दाबल्याने दोनदा लागत नाही ना, ते पाहावे. ट्रॅकच्या संख्येला मात्र भुलू नये. टेबलावर तीन वाद्ये असताना चौसष्ट ट्रॅक म्हणजे चौघांच्या कुटुंबाला मंगलकार्यालय!

आणि पेटी घरी आली, तर पहिल्या संध्याकाळी तिला फारसे शिकवू नये. एका ट्रॅकवर षड्ज-पंचम, दुसऱ्यावर साधा ठेका, एवढेच तिला पाठ करून द्यावे. ती ते न थकता म्हणत राहील. तेवढ्या वेळात आपण दुसऱ्या वाद्यावर बसावे, आणि पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवून, जे अजून कोणालाच पाठ नाही ते वाजवायला सुरुवात करावी.